मदत हवी आहे: टप्पा अनुदानाच्या तरतुदीसाठी नव्या सरकारकडे पाठपुरावा कसा करायचा?

आमची शाळा 40 टक्के टप्पा अनुदानावर, म्हणजे पगाराचा सरकारी वाटा टप्प्याटप्प्याने वाढत जातो. ऑक्टोबर 2024 मध्ये आचारसंहितेच्या तोंडावर वाढीव 20 टक्क्यांचा शासन निर्णय निघाला, आम्ही पेढेही वाटले. मग निवडणूक, डिसेंबरात नवं मंत्रिमंडळ, शालेय शिक्षण खातं दीपक केसरकरांकडून दादा भुसेंकडे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्ये मंजूर होणाऱ्या जादा खर्चात) मात्र पैसा नाही. जानेवारी 2025च्या पगारबिलावर अजून 40च.

जुन्या आमदारांना दिलेलं निवेदन ते पडल्यावर वाया गेलं. नव्यांच्या कार्यालयात परत दिलं. पोच आहे, म्हणजे गोल शिक्का आहे, आवक क्रमांकाची जागा कोरी. शिक्षणाधिकारी कार्यालय म्हणतं, "वरून तरतूद आली की बघू." संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांची मंजुरी), तपासणी सगळं झालंय, त्यामुळे त्रुटीचा प्रश्न नाही. आणि कृपया आझाद मैदान सुचवू नका, दहावीचा वर्ग सोडून सात जणांना निघता येत नाही.

मार्च 2025च्या अर्थसंकल्पाआधी हातात जेमतेम महिना आहे. शिक्षक आमदारांकरवी तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) लावावा, की वित्त विभागाला थेट निवेदन द्यावं? तरतूद पदरात पडायला खरोखर कशाचा उपयोग झालाय? निवेदनात शाळेच्या खर्चाचा आकडा आणि लेखाशीर्ष (अर्थसंकल्पात तो खर्च ज्या शीर्षाखाली दाखवतात ते) घालावं लागतं का?