बोर्डावरचं एक बटण नेमकं कशाचं?

प्रश्न: बोर्डावर पाच बटणं आहेत, चार कळली. पाचवं दाबलं की काहीच होत नाही. भिंत न फोडता कसं शोधायचं?

उत्तर १: आधी बोर्ड उघडू नका. बटण चालू ठेवून टेबललॅम्प प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा, जोडसॉकेट असेल तर दोन्हींत. मग रिकामे होल्डर: तिथे चालू असल्याची खात्री असलेलाच बल्ब लावा. बाहेरचा दिवा रात्री तपासा. त्याला प्रकाशाचा सेन्सर असेल तर दिवसा तो लागणारच नाही. माळा आणि एक्झॉस्ट फॅनची जागा हमखास राहून जाते.

उत्तर २: तरी सापडलं नाही तर मेन बंद करून बोर्ड उघडा. फक्त एक एमसीबी (एका सर्किटचा सुरक्षा स्विच) पाडून भागत नाही, एकाच बोर्डात दोन सर्किटच्या वायरी असू शकतात. बटणाला एकच वायर असेल तर ते बहुधा नुसतं जागा भरायला आहे. तीन टर्मिनलना वायरी असतील तर बहुधा टू-वे (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करणारं), जोडीदार बटण दुसरीकडे आहे.

उत्तर ३: टेस्टरच्या मिणमिणत्या उजेडावर जाऊ नका, शेजारच्या वायरीमुळेही तो लागतो. मेन बंदच ठेवून बटणाची बाहेर जाणारी वायर सोडवा आणि लांब वायर जोडून मल्टिमीटरने संशयित पॉइंटपर्यंत कंटिन्यूटी (वायर सलग जोडलेली आहे का; असेल तर मीटर बीप देतो) बघा. बल्ब, प्लग आधी काढा, नाहीतर त्यांच्यातून न्यूट्रलकडे वाट मिळून खोटी बीप येते.