नूतनीकरण चालू असलेल्या सदनिकेत राउटर आणि फोनचा सॉकेट कोठे घ्यावा?

पूर्वद्वार :

नमस्कार. डोंबिवलीत नव्वदच्या दशकात बांधलेल्या एका चार मजली इमारतीत आमची दोन बेडरूमची सदनिका आहे आणि सध्या तिचे काम काढले आहे. जुने वायरिंग पूर्ण बदलायचे असून वायरमन पुढच्या आठवड्यात भिंतींना झिऱ्या मारायला घेणार आहे. त्यापूर्वी इंटरनेट आणि फोनच्या वायरी कोठून कोठे न्यायच्या, हे ठरवणे भाग आहे.

घराची रचना अशी : मुख्य दारातून थेट हॉल, हॉलला लागून रस्त्याकडची बाल्कनी. हॉलमधून आत जाणारा अरुंद पॅसेज, त्याच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला न्हाणीघर व शौचालय आणि टोकाला समोरासमोर दोन बेडरूम. चटईक्षेत्र साधारण ६२० चौरस फूट आहे. फायबर बाल्कनीच्या खिडकीतून आत येऊन टीव्हीच्या कपाटात संपते. ओएनटी (फायबरमधल्या प्रकाशाचे इंटरनेट व फोनच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारे यंत्र) आणि वायफाय दोन्ही एकाच डब्यात आहेत. तांब्याची जुनी टेलिफोन लाइन मात्र जिन्याकडून येते आणि तिचा सॉकेट मुख्य दाराजवळच्या कोपऱ्यात आहे. हा नंबरही आता फायबरवर येणार, असे कंपनीने कळवले आहे.

अडचणी दोन. मागच्या बेडरूममध्ये पत्नी घरून काम करते. दार लावले की मीटिंगमध्ये चित्र गोठते. दुसरी अडचण आईची. तिला फोन तिच्या पलंगाजवळ हवा आहे, कारण घंटी वाजल्यावर हॉलपर्यंत येणे आता तिला जमत नाही. इंटीरियरवाल्यांचा आग्रह आहे की सगळे डबे टीव्हीच्या कपाटात दडवावेत. वायरमन म्हणतो, "टीव्हीमागे एक पॉइंट घेऊ, रेंज कमी पडली तर नंतर रिपीटर लावा." जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

तांबेतार :

झिऱ्या मारण्याआधी विचारलेत, त्यामुळे हाताशी सगळे पर्याय आहेत. सर्वांत आधी एक गोष्ट मनातून काढून टाका : फायबर जेथे संपते तेथेच वायफाय असले पाहिजे आणि तेथेच फोन असला पाहिजे, असे काहीही नाही. आपल्याकडे कंपनीचा माणूस खिडकीतून वायर आत घेतो, जवळच्या प्लगपॉइंटपाशी डबा ठेवतो आणि मग घराने त्या डब्याभोवती जगायचे असते. आपण या तीन गोष्टी वेगळ्या धरून प्रत्येकीची जागा तिच्या गरजेप्रमाणे ठरवावी.

फायबरला हवी असते ती सुरक्षित, कमी वळणांची वाट आणि शेजारी वीज. वायफायला हवी असते घराच्या मध्याजवळची, उंचावरची, उघडी जागा. फोनला हवा असतो आईचा पलंग.

आपल्या रचनेत वायफायची जागा निःसंशय पॅसेजमध्ये, हॉलकडून आत शिरल्यावर छताखाली साधारण सात फुटांवर आहे. तेथून हॉलला मोकळी वाट मिळते आणि दोन्ही बेडरूमना एकेकच साडेचार इंची विटांची भिंत आड येते. टीव्हीच्या कपाटातून मागच्या बेडरूमकडे निघालेल्या लहरींना मात्र कपाटाचे दार, टीव्हीचा धातूचा पत्रा, हॉलची भिंत आणि बहुधा न्हाणीघराचा पाइपांनी व टाइल्सनी भरलेला कोपरा तिरका ओलांडावा लागतो. भिंत तिरकी ओलांडली की तिची जाडी वाढल्यासारखेच होते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींपुढे तो २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर थकतो, त्यामुळे दार लावल्यावर आपली मीटिंग अडखळते यात नवल नाही. कपाटात डबा तापतो, हा आणखी एक तोटा.

आता पाइपांचे. बाल्कनीच्या खिडकीपासून पॅसेजच्या त्या जागेपर्यंत २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकावा आणि त्यातून कॅट-६ केबल (तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असलेली नेटवर्कची केबल) न्यावी. ओएनटीचा डबा टीव्हीजवळच राहू द्या, त्याचे वायफाय बंद करा आणि पॅसेजमध्ये स्वतःचा राउटर किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारा डबा) लावा. फायबरच पॅसेजपर्यंत नेणेही शक्य आहे, पण तारेपेक्षा काच जपायला अवघड आणि पुढे दुरुस्तीसाठी कंपनीच्याच माणसावर अवलंबून राहावे लागते. पॅसेजमधून प्रत्येक बेडरूमला एक आणि टीव्हीमागे एक अशा कॅट-६ केबल स्वतंत्रपणे न्याव्यात. कामाच्या टेबलाशी आलेली केबल लॅपटॉपला थेट लावली की भिंतीचा प्रश्नच उरत नाही. या घरासाठी सगळ्यात उपयोगी खर्च हाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

केबल घेताना एक पाहावे. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. तारेचे टोक ब्लेडने खरवडा. आतून पांढरे निघाले तर केबल परत करा. वायरमन एकाच केबलच्या जोड्या दोन सॉकेटमध्ये वाटू लागला, तर त्यालाही थांबवा. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात हे खरे, पण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. विजेच्या वायरी आणि या केबल एकाच पाइपात नकोत. जेथे एकमेकींना ओलांडायचे असेल तेथे काटकोनात ओलांडाव्यात.

रात्रपाळी :

वरील सल्ल्याशी बहुतांशी सहमत आहे, पण खरेदीची घाई करू नये. ६२० चौरस फुटांच्या, विटांच्या भिंतींच्या घरात योग्य जागी लावलेला एक बरा राउटर सहसा पुरतो, आणि तीन डब्यांचा मेश संच (एकमेकांशी जोडून घराभर वायफाय पसरवणारे डबे) विकत घेण्याची गरज त्यानंतर शिल्लक राहतेच असे नाही. पाइप मात्र सगळे टाकून घ्या, कारण पाइप नंतर टाकता येत नाही.

झिऱ्या मारण्यापूर्वी एक प्रयोग करा. लांब लॅन केबल आणून जमिनीवरून पॅसेजपर्यंत पसरा, उंच शिडीवर राउटर ठेवा, मागच्या बेडरूमचे दार लावून घ्या आणि पत्नीच्या खुर्चीत बसून मोबाइलवरच्या एखाद्या वायफाय मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये सिग्नल पाहा. आकडा उणे ६७ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचे एकक) आसपास किंवा त्याहून बरा, म्हणजे शून्याच्या जवळचा असेल, तर व्हिडिओ मीटिंग निर्धोक चालते. उणे ७५ च्या पलीकडे गेला तर तक्रारी सुरू होतात. राउटर चार बोटे इकडेतिकडे सरकवूनही पाहा, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, त्यामुळे परावर्तनाने एखादी जागा फसवी निघते आणि शेजारची चांगली.

वायरमनच्या रिपीटरबद्दल : जेथे सिग्नल पोहोचतच नाही तेथे रिपीटर लावून काही साधत नाही, कारण तो आलेलाच कमकुवत सिग्नल पुढे देतो, आणि एकाच पट्ट्यावर घेणे-देणे दोन्ही करणारा असेल तर वेग साधारण निम्मा होतो.

पूर्वद्वार :

दोघांचेही आभार. प्रयोग केला; पॅसेजमधून आकडा उणे ५८ आला, टीव्हीच्या कपाटातून उणे ७६ होता. वायफायची जागा ठरली. आता फोनबद्दल मार्गदर्शन हवे. जुना सॉकेट काढून टाकावा काय? दुसरे असे की, आजवर वीज गेली तरी लँडलाइन चालायची. फायबरवर आल्यानंतरही चालेल का?

तांबेतार :

आधी दुसरा प्रश्न. तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्ट डीसी येत असे, म्हणून घरची वीज गेली तरी फोन जिवंत राही. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. तेव्हा ओएनटी बंद पडला की फोनही बंद पडतो. घरात वयस्कर व्यक्ती असताना ही बाब गंभीरपणे घ्यावी. ओएनटी आणि राउटर दोघांसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्यापूर्वी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचून घ्या, कारण बहुतेक डबे १२ व्होल्टचे असले तरी काही ९ व्होल्टचेही असतात. इमारतीच्या जिन्यात स्थानिक केबलवाल्याचा विजेवर चालणारा स्विच (इंटरनेट घरोघरी वाटून देणारा डबा) असेल, तर त्याला बॅकअप आहे का हेही विचारा. तो बंद पडला तर आपल्या घरच्या यूपीएसचा उपयोग नाही.

आता सॉकेट. फायबरवरचा फोन ओएनटीच्या पाठीमागच्या फोनच्या पोर्टमधून निघतो. म्हणजे आईच्या पलंगाजवळची तार टीव्हीमागच्या ओएनटीपर्यंत यायला हवी. दाराजवळचा कोपरा आता कामाचा नाही, तेथली जागा निवांत शूरॅकला द्या. आईच्या खोलीत एकाऐवजी दोन कॅट-६ न्या. फोनला एकच जोडी पुरते, आणि आरजे-४५ सॉकेटमधली (नेटवर्क केबलच्या रुंद सॉकेटमधली) मधली, म्हणजे निळी जोडी तिच्यासाठी वापरता येते. मात्र फोनचा अरुंद प्लग त्या सॉकेटमध्ये वारंवार घातल्यास कडेच्या पिना दबू शकतात, म्हणून त्या टोकाला आरजे-४५ प्लग असलेली वायर वापरा, किंवा फोनपुरता वेगळा आरजे-११ सॉकेट बसवा.

एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. जुन्या अंतर्गत तारा ओएनटीच्या फोन पोर्टला जोडण्याचा मोह झाला, तर जिन्याकडून येणारी बाहेरची लाइन आधी पूर्णपणे तोडून वेगळी करा. एकाच तारेवर एक्स्चेंजची आणि ओएनटीची वीज आमनेसामने आली तर पोर्ट जळतो. जुनी लाइन चालू असेपर्यंत तिची उघडी टोके हाताळतानाही जपावे. घंटी वाजताना तिच्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि चांगला झटका बसतो.

आईसाठी पर्याय म्हणून कॉर्डलेस फोनही सुचवतो. त्याचा मुख्य डबा ओएनटीजवळ आणि हँडसेटचा चार्जर पलंगाशी ठेवता येतो. पण त्यालाही वीज लागते, आणि हँडसेट चार्जरवर परत ठेवायचे विसरले की ऐनवेळी तो मेलेला असतो. वयस्कर व्यक्तीसाठी तारेचा साधा, मोठ्या आकड्यांचा फोनच बरा.

जांभाचिरा :

रत्नागिरीहून लिहीत आहे. आमच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींपुढे एका राउटरने हात टेकले आणि खोलीगणिक केबल न्यावी लागली. त्यामुळे वरच्या केबलच्या सल्ल्याला दुजोरा. भर घालायची ती पावसाची. बाल्कनीतून फायबर आत घेण्याचे भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडून घ्या आणि वायर आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, भिंतीत शिरत नाही. काचेतून विजेचा लोळ येत नाही हे खरे, तरी काही ड्रॉप केबलना (बाहेरून घरापर्यंत येणाऱ्या फायबरच्या केबलना) आधारासाठी लोखंडी तारा असतात; त्या बाहेरच कापून घ्याव्यात, घरात आणू नयेत.

आत आलेल्या फायबरला मुडपू देऊ नका. नव्या प्रकारच्या तंतूंना १० मिलिमीटर त्रिज्येचे वळण चालते असे मानक सांगते, पण रंगारी आणि सुतार घरात असताना मी तरी चहाच्या बशीएवढ्या गुंडाळीखाली उतरणार नाही. ओएनटीवरचा 'लॉस' दिवा लाल झाला, तर आधी या वळणांकडेच पाहावे. हिरव्या टोकाचा प्लग हिरव्यातच जातो, त्याचे तोंड ८ अंशांनी तिरके घासलेले असते. निळ्या टोकाशी तो जोडू नये. प्लग काढलेला असताना टोकाकडे डोळा लावून पाहू नये, तो प्रकाश दिसत नाही पण असतो.

सतरावामजला :

हा धागा वाचून कोणी नव्या टॉवरमध्ये तेच करायला जाईल, म्हणून लिहितो. पुण्यात आमच्याकडे मायव्हान पद्धतीचे बांधकाम आहे, म्हणजे सगळ्याच भिंती सळयांच्या काँक्रीटच्या. तेथे झिऱ्या मारायला सोसायटी परवानगी देत नाही, आणि देऊही नये. बिल्डरने आधी सोडलेले पाइप शोधायचे, नाहीतर फॉल्स सीलिंगमधून किंवा स्कर्टिंगलगत पट्टी मारून केबल न्यायची. पॅसेजमधला एक राउटर अशा घरात पुरत नाही. बंद दाराच्या खोलीत वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो.

पूर्वद्वार :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निर्णय असा : ओएनटी टीव्हीमागे उघड्या फळीवर, राउटर पॅसेजमध्ये, पत्नीच्या टेबलाशी एक केबल, आईच्या खोलीत दोन. शेवटची शंका : पॅसेजमध्ये राउटरसाठी नेमके काय काय मागू, आणि आईच्या खोलीतला सॉकेट किती उंचीवर घेऊ?

तांबेतार :

पॅसेजमध्ये सात फुटांवर एक ६ अँपियरचा प्लगपॉइंट आणि शेजारी वेगळा, खोल डबा मागा. सगळ्या केबल त्या डब्यात एकत्र येतील, तेव्हा प्रत्येकीची फूटभर लांबी आत राहू द्या आणि कोणती केबल कोठून आली हे टोकावर लिहून ठेवा. चार केबल २५ मिलिमीटरच्या पाइपात मावतात, पण काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड लावायला सांगा, नाहीतर ओढताना केबल अडकते. राउटरला बाहेरचे अँटेना असतील तर ते उभे ठेवा. लहरी अँटेनाच्या आडव्या दिशेला पसरतात.

आईच्या खोलीत सॉकेट पलंगाच्या उशाकडे, गादीच्या पातळीपेक्षा वर, अडीच फुटांवर घ्या. वाकावे लागणार नाही आणि पलंग सरकवताना प्लग चेपणार नाही. शक्य असल्यास बाजूला एक प्लगपॉइंटही घ्या. प्रत्येक पाइपात एक जादा नायलॉनची दोरी सोडून ठेवा आणि गवंड्याने गिलावा करण्यापूर्वी ती दोन्ही टोकांनी ओढून पाहा; सांध्यातून आत गेलेले सिमेंट एकदा घट्ट झाले की तो पाइप कायमचा गेला.