मुलांच्या चेहऱ्यावरील जखमेसाठी जलद विरघळणारा धागा: कॅटगट की रॅपिड?

प्रश्न – निवासी डॉक्टर, शल्यचिकित्सा

सर्वांना नमस्कार. अपघात कक्षात लहान मुलांच्या चेहऱ्यावरील जखमा शिवण्याचे काम बहुतेक माझ्याकडेच येते आणि आजवर मी त्वचेसाठी ६-० (अतिशय बारीक) जाडीचे, न विरघळणारे नायलॉन वापरत आलो आहे. टाके घालताना भूल दिलेली असल्याने मूल कसेबसे निभावून नेते. परंतु पाचव्या दिवशी टाके काढायला आणले की खरी परीक्षा सुरू होते. गेल्या आठवड्यात चार वर्षांच्या एका मुलीच्या भुवईवरचे टाके काढत असताना तिने एकदम मान वळवली आणि कात्रीचे टोक पापणीपासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर थांबले. त्या क्षणापासून, काढावाच लागणार नाही असा धागा वापरावा, हा विचार मनातून जात नाही.

आमच्याकडे जलद विरघळणारे कॅटगट (जनावरांच्या आतड्यापासून केलेला धागा) आणि व्हिक्रिल रॅपिड (कृत्रिम धागा) हे दोन्ही मिळतात. दोन्हींच्या माहितीपत्रकांत साधारण ४२ दिवसांत पूर्ण विरघळण्याचा उल्लेख आहे. मग त्यांत फरक तो काय? नायलॉनच्या तुलनेत व्रण वाईट उमटेल का? काही सहकारी मोनोक्रिल हा आणखी एक विरघळणारा कृत्रिम धागा सुचवतात, तेही योग्य ठरेल का?

उत्तर – प्लास्टिक सर्जन

डॉक्टर, ४२ दिवसांचा तो आकडा तूर्त बाजूला ठेवा, कारण निवड त्यावरून करायची नसते. विरघळणाऱ्या प्रत्येक धाग्याची दोन वेळापत्रके असतात: त्याची ताकद किती दिवस टिकते हे एक, आणि त्याचे द्रव्य शरीरातून केव्हा नाहीसे होते हे दुसरे. जखमेला उपयोग पहिल्याचा असतो.

जलद विरघळणारे कॅटगट म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेले साधे कॅटगट. ते ५ ते ७ दिवस जखम धरून ठेवते आणि २१ ते ४२ दिवसांत शोषले जाते. व्हिक्रिल रॅपिड हे पॉलिग्लॅक्टिन ९१०, म्हणजे नेहमीच्या व्हिक्रिलचेच द्रव्य आहे; मात्र गॅमा किरणांच्या माऱ्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या आधीच आखूड केलेल्या असतात. त्यामुळे पाचव्या दिवशी त्याची ताकद निम्म्यावर येते आणि १० ते १४ दिवसांत ती पूर्णपणे संपते. नेहमीच्या व्हिक्रिलमध्ये तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीसही सुमारे निम्मी ताकद शिल्लक असते, म्हणून नावातील साम्यामुळे एकाच्या जागी दुसरे उघडले जाणार नाही याची काळजी घ्यावी.

दुसरा फरक धागा विरण्याच्या प्रक्रियेतला आहे. कॅटगट हे गुरामेंढरांच्या आतड्यापासून मिळणारे प्रथिन असल्याने ते शरीरातील विकरे आणि पेशी पचवतात. त्यामुळे त्याभोवती दाह अधिक होतो आणि विरण्याचा वेगही रुग्णागणिक बदलतो. ओठाच्या आतल्या बाजूस लाळेमुळे ते आणखी लवकर तुटते. रॅपिड ऊतकांतील पाण्यामुळे विघटित होते, म्हणून त्याचा अंदाज अधिक भरवशाने बांधता येतो. तथापि तो विणलेला धागा आहे आणि विणीच्या फटींत जिवाणूंना आसरा मिळतो, हे मातीने माखलेल्या जखमेच्या वेळी विसरून चालणार नाही.

व्रणाविषयी आपली काळजी रास्त आहे. मात्र मुलांच्या चेहऱ्यावरील जखमांत कॅटगट आणि नायलॉन यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांमध्ये काही महिन्यांनंतरच्या व्रणाच्या दिसण्यात लक्षणीय फरक आढळलेला नाही. माझ्या मते व्रण ठरतो तो खालच्या थरावर. पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेची स्वतःची ताकद मूळ त्वचेच्या अवघी ३ टक्के असते आणि तिसऱ्या आठवड्यात ती २० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. म्हणजे वरचा धागा सुटतो तेव्हा ताण पेलायला खाली काहीतरी असावेच लागते. जखम अंतस्त्वचेपर्यंत (त्वचेच्या आतल्या थरापर्यंत) उघडी असेल, तर तिथे ५-० मोनोक्रिलचे दोन-तीन टाके गाठ खाली ठेवून घ्यावेत आणि मग वरच्या कडा ६-० कॅटगटने नुसत्या जुळवाव्यात. मोनोक्रिलची जागा ही, खालच्या थरात. ते पूर्ण शोषले जायला ९१ ते ११९ दिवस लागतात, त्यामुळे त्वचेवर सुटे टाके म्हणून घातल्यास ते काढावेच लागतात आणि आपला मूळ हेतूच साधत नाही.

उत्तर – प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञ

वरील विवेचन चेहऱ्यापुरते मान्य आहे. प्रसूतीनंतरच्या योनिमार्गाच्या जखमेत मात्र मी कॅटगटला स्थान देणार नाही. तिथे कृत्रिम धाग्यांनी सुरुवातीच्या दिवसांतील वेदना आणि जखम उसवण्याचे प्रमाण कमी होते, हे अनेक चाचण्यांतून दिसलेले आहे. रॅपिड आणि नेहमीचे व्हिक्रिल यांच्यात वेदनेचा फरक फारसा नाही, परंतु रॅपिड घातलेल्या स्त्रियांना टोचणारा टाका काढून घेण्यासाठी परत येण्याची गरज कमी पडते. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

उत्तर – शस्त्रक्रियागृह परिचारिका

हाताळणीविषयी थोडे लिहिते. कॅटगट पाकिटात अल्कोहोलयुक्त द्रवात भिजलेले येते. पाकीट आधीच उघडून ट्रेमध्ये ठेवले तर धागा वाळतो, ताठ होतो आणि गाठ आवळताना तुटतो. तो सलाईनमध्ये क्षणभर बुडवून लगेच वापरावा. जास्त वेळ भिजल्यास फुगून कमकुवत होतो. नीडल होल्डरने (सुई धरण्याच्या चिमट्याने) धागा मधोमध पकडू नये, कारण चिमटलेल्या जागीच तो तुटतो. ६-० कॅटगट फार नाजूक असते, म्हणून आमच्याकडे वरून चिकटपट्ट्या लावण्याची पद्धत आहे.

प्रश्नकर्ता

आपल्या सर्वांचा मनापासून आभारी आहे. एवढेच विचारतो की, मुलांच्या गुडघ्यावरच्या जखमेलाही हीच पद्धत लागू करता येईल का?

उत्तर – प्लास्टिक सर्जन

नाही, गुडघ्याला कृपया हा प्रयोग करू नका. एका मुलाच्या गुडघ्यावर मी स्वतः जलद विरघळणारा धागा घातला होता. आठव्या दिवशी जखम बंद दिसली म्हणून त्याला खेळायला परवानगी दिली आणि दहाव्या दिवशी ती पूर्ण उघडलेल्या अवस्थेत परत आली. धागा आपल्या वेळापत्रकाप्रमाणेच सुटला होता. चूक माझ्या निवडीची होती. सांध्यावर नायलॉनच घाला आणि ते १० ते १४ दिवस राहू द्या.

चेहऱ्याच्या बाबतीत पालकांना घरी पाठवण्यापूर्वी सांगून ठेवा की सातव्या दिवसानंतर धाग्याचे तुकडे दिसले तर ओल्या कापडाने हलकेच पुसावेत, ओढू नयेत. त्यानंतरही न सुटलेला टाका आपण स्वतः पाहावा, कारण आठवड्याहून अधिक काळ राहिलेल्या टाक्याच्या कडेने त्वचेच्या पेशी आत वाढतात आणि व्रणाच्या दोन्ही बाजूंना शिडीसारख्या खुणा उमटतात.