चीनमधले इमारतीखालचे घरगुती किराणा दुकान आणि आमचा माळकरी मुलगा

शहापूरचा दुकानदार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझा मुलगा बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहे. डाय-कास्टिंगचे, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग घडवण्याचे, नवे यंत्र शिकून घेण्यासाठी कंपनीने त्याला चार महिन्यांकरिता चीनमध्ये, निंगबो शहराच्या बेइलुन भागात पाठवले आहे. तो राहतो त्या इमारतीखालीच नवरा-बायको चालवतात असे एक लहान दुकान आहे आणि तिथे किराण्यापासून गरम खाण्यापर्यंत सगळे मिळते, असे तो सांगतो. त्याने पाठवलेल्या छायाचित्रात दारातच वाफेच्या टोपल्यांची चळत, काळपट पाण्यात बुडालेली अंडी आणि काउंटरच्या कोपऱ्यावर अभ्यास करणारी एक लहान मुलगी दिसते. ते पाहून मला बाजारगल्लीतले आमचेच जुने दुकान आठवले, कारण माझी मुलेही गल्ल्याशेजारी बसूनच पाढे शिकली.

अडचण अशी आहे की आमचे घर माळकरी असून मुलगा अंडेही खात नाही, आणि पहिला आठवडा त्याने केळी व बिस्किटांवर काढला आहे. अशा दुकानात त्याने निःशंकपणे काय घ्यावे, मांस-मासळी नको हे कसे सांगावे आणि तिथल्या वजनमापांचा हिशेब कसा असतो, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

साचेवाला, अनगोळ

दादा, बेइलुन हे डाय-कास्टिंगच्या साच्यांसाठीच ओळखले जाते, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण तिथे जाऊन आलेले आहेत. मीही साचे पसंत करण्यासाठी दोनदा जाऊन राहिलो आहे.

प्रथम त्या टोपल्यांविषयी सांगतो. ज्याच्या माथ्यावर मोदकासारख्या कळ्या पाडलेल्या असतात तो पाओत्झ, आणि त्याच्या आत बहुधा डुकराचे मांस असते. भाजीचे सारण भरलेलाही मिळतो, परंतु नुसता पाहून तो ओळखता येत नाही. गुळगुळीत, पांढरा आणि आत काहीही नसलेला तो मांथौ. तो म्हणजे वाफवलेला साधा पाव असून माझे निम्मे दिवस त्यावर आणि घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर गेले. सकाळी सोयाबीनचे गरम दूधही मिळते, मात्र त्याला तोउच्यांग म्हणावे, कारण नुसते दूध मागितल्यास गाईच्या दुधाचा डबा हातात येतो. काळपट पाण्यातली अंडी चहाची पाने, सोया सॉस आणि चक्रीफूल घालून उकळलेली असतात, तेव्हा त्यांचा प्रश्नच मिटला.

खरा धोका दिसायला निरुपद्रवी असलेल्या वस्तूंत असतो. मी राहत होतो तिथल्या दुकानदारीणबाईंनी एका सणाला मला प्रेमाने वाटीभर थांगयुआन दिले, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्या आणि आत काळ्या तिळाचे गोड सारण. आपल्या तिळाच्या सारणाची आठवण होऊन मी सहा-सात खाल्ले, आणि निंगबोच्या पद्धतीत त्या सारणात डुकराची चरबी घालतात हे दुसऱ्या दिवशी कारखान्यात कळले. त्या माउलीचा त्यात काहीच दोष नव्हता, कारण मी मांस नको म्हणालो होतो आणि तिच्या हिशेबी चरबी हे मांस नव्हते. पाकिटातल्या नूडल्सचेही तसेच आहे. वर भाजीचे चित्र असले तरी मसाल्याच्या पुडीत गोमांसाचा अर्क असू शकतो, त्यामुळे चित्रावर मुळीच विसंबू नये.

वजनाविषयी म्हणाल, तर फलकावरचा भाव बहुतेक ठिकाणी किलोचा नसून जिनचा असतो आणि एक जिन म्हणजे 500 ग्रॅम. म्हणजे सफरचंदे स्वस्त वाटली तर आकडा दुप्पट करून पाहावा. आपण दुकानदार आहात म्हणून सांगतो, 1959 पूर्वी त्यांचा जिन 16 लियांगांचा होता, जसा आपला पक्का शेर 16 छटाकांचा होता. आता तो 10 लियांगांचा आहे.

खानापूरची लेक

काका, मी वैद्यकीय शिक्षणासाठी चीनमध्ये राहिले आहे आणि वसतिगृहाखालच्या अशाच एका दुकानाने मला जगवले आहे. मुलाला 'वो छ्र सू' हे तीन शब्द पाठ करायला सांगा. त्याचा अर्थ 'मी शाकाहारी खातो' एवढाच असला, तरी 'मांस नको' म्हणण्याहून तो फार वेगळा ऐकू येतो. 'सू' या शब्दामागे बौद्ध व्रताची कल्पना आहे. तिथल्या अनेक वयस्कर बायका चांद्रमासाच्या 1 आणि 15 तारखेला 'सू' पाळतात, जशी आपल्याकडे एकादशी पाळतात, आणि बौद्ध मठांतल्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

आमच्या दुकानातला मुलगा माझ्या बोलण्याने गोंधळून जाई, परंतु त्याची आजी आतल्या खोलीतून बाहेर आली, माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला बोट लावून तिने स्वतःच्या मनगटावरची जपमाळ दाखवली आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी कढई वेगळी धुतली जाऊ लागली. तेव्हा काउंटरवरच्या तरुण माणसाशी हुज्जत घालण्यापेक्षा त्या घरातल्या म्हातारीला गाठावे, हा माझा अनुभव आहे.

निंगबोजवळ सम्राट अशोकाच्या नावाचा आयुवांग मठ आहे. तिथले जेवण शाकाहारी असते, त्यामुळे सुटीच्या दिवशी तिकडे जाता येईल.

साचेवाले दादांनी लातियाओचा उल्लेख केला नाही. या लाल, तेलकट, तिखट पट्ट्या मांसासारख्या दिसतात, परंतु त्या गव्हाच्या पिठाच्या असतात. 1998 च्या पुरानंतर सोयाबीन महागले, तेव्हा हूनान प्रांतातल्या कारागिरांनी पिठापासून त्या करायला सुरुवात केली असे सांगतात. जिभेला मुंग्या आणणारी जी चव तिथल्या तिखटात लागते ती ह्वाच्याओची, म्हणजे आपल्या तिरफळाच्याच जातकुळीतली आहे, त्यामुळे मुलगा घाबरणार नाही.

शहापूरचा दुकानदार

दोघांचेही मनापासून आभार. चरबीची गोष्ट ऐकून बायकोने तीळ घातलेले काहीही खायचे नाही असा हुकूम सोडला आहे. एक विचारायचे राहिले, असे दुकान उधारी ठेवते काय?

खानापूरची लेक

परक्या माणसाला नाही, काका, आणि मागण्याची वेळही येत नाही, कारण व्यवहार मोबाइलवरून अलीपे किंवा वीचॅटने होतो आणि पैसे पोहोचताच आपल्याकडच्यासारखा डबा मोठ्याने रक्कम सांगतो. मुलाने बँकेचे कार्ड त्यात आधीच जोडून घ्यावे.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. असे दुकान चालवणारी कुटुंबे पुष्कळदा परप्रांतातली असतात; आमचे आन्ह्वेईचे होते. चांद्र नववर्षाला ती गावी जातात आणि आठ-दहा दिवस शटर खाली असते. मुलाचा मुक्काम जानेवारी-फेब्रुवारीत येत असेल, तर त्याने तांदूळ, मीठ, शेंगदाणे आणि तोफू आधीच भरून ठेवावे. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितले नव्हते, आणि वसतिगृहातल्या बंद गॅसपुढे मी खानापूरहून आणलेले पोहे कोरडेच खात बसले होते.