दोन रात्री अ‍ॅमस्टरडॅम: सायकल घ्यावी की पायीच फिरावं?

घाटावरचा

शुक्रवारी संध्याकाळी उतरायचं आणि रविवारी रात्री निघायचं, एवढ्यात अ‍ॅमस्टरडॅम बघायचं असेल तर माझं मत ठाम आहे. सायकल भाड्याने घ्या आणि संग्रहालयांच्या रांगा खुशाल विसरा. आपल्याकडच्या टूरवाल्यांचं नेदरलँड्स म्हणजे क्यूकेनहॉफची ट्युलिपची बाग, मादुरोडॅमचं चिमुकलं शहर आणि काचेच्या बोटीतून कालव्यांत एक फेरी. लोक ट्युलिपच्या फोटोंची रास घेऊन येतात आणि शहर कसं होतं विचारलं की गप्प.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर सायकल घ्या आणि राइक्सम्युझियम गाठा, शहर आपोआप उलगडतं. या राष्ट्रीय संग्रहालयाच्या चक्क पोटातून सायकलींचा रस्ता जातो. नूतनीकरणाच्या निमित्ताने तो बंद करायचं घाटत होतं, पण सायकलवाल्यांनी हट्ट सोडला नाही आणि २०१३ साली तो पुन्हा खुला झाला. रेम्ब्रांटच्या चित्रांखालून सायकल हाणत जायचं, तेही फुकट! आत जाऊन पाय दुखवून घेण्यापेक्षा मला हेच आवडलं.

डचजावई

सपशेल असहमत. मी इथेच राहतो, रोज सायकलनेच कामावर जातो आणि तरीही दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांना गावाच्या मध्यभागी सायकल घेऊ देत नाही.

इथली सायकल ही हौस नाही, ऑफिस आणि पाळणाघर गाठायचं साधन आहे. सायकलींसाठी आखलेल्या त्या लाल पट्ट्यावर सकाळी नऊच्या आधी कालव्याचा फोटो काढायला थांबून बघा, मागून काय काय ऐकायला मिळतं ते. फोन हातात धरून सायकल चालवली तर दंड होतो, २०१९पासून तसा कायदाच आहे, त्यामुळे नकाशा बघत जाणं बाद. ट्रामच्या रुळात पुढचं चाक अडकलं की माणूस थेट जमिनीवर. रूळ काटकोनातच ओलांडायचे हे सांगूनही लक्षात राहत नाही. बऱ्याच सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो, पॅडल उलटं मारावं लागतं. वर वाहतूक उजवीकडून, आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. जन्मभर डावीकडून चालवलेल्या माणसाला हे सगळं शुक्रवारी रात्री कळून शनिवारी सकाळी जमेल?

सेंट्रल स्टेशनपासून राइक्सम्युझियम जेमतेम तीन किलोमीटर आहे. चाला की! हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे तीन कालवे सतराव्या शतकात आखून खणलेले. २०१०पासून तो सगळा पट्टा युनेस्कोच्या यादीत आहे. तिथल्या घरांच्या माथ्यावर सामान वर ओढायचे आकडे आहेत, भिंती किंचित पुढे झुकलेल्या आहेत. हे मान वर करून बघायचं असतं. सायकलवर मान वर केलीत तर कालव्यात जाल.

साखरभात

सायकलीचं तुम्ही बघून घ्या. खायचं काय ते सांगा. आम्ही शाकाहारी, आणि चीज खावं तर त्यातही पारंपरिक गौडा चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं म्हणतात. मग दोन दिवस बटाटे?

घाटावरचा

रेनेटचं खरं आहे. वेष्टनावर शाकाहारी लिहिलेलं चीज दुकानात मिळतं, ते घ्या. बटाट्यांना मात्र नावं ठेवू नका. फ्राइजवर मेयोनीज, शेंगदाण्याचा सॉस आणि कच्चा कांदा. तो सॉस इंडोनेशियातून इथे आला. आधी विचित्र वाटतं, मग दुसरा पुडा मागवतो माणूस.

आणि सुरिनामी रोती शोधा, आल्बर्ट क्यूप बाजाराच्या आसपास मिळते. १८७३ साली कलकत्त्याहून 'लल्ला रूख' जहाजातून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत उसाच्या मळ्यांवर गेले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. १९७५ला सुरिनाम स्वतंत्र झाला, त्याच्या आगेमागे त्यांचे वंशज मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले आणि सोबत ही रोती. पोळीत भरडलेली डाळ भरलेली, म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच. शेजारी बटाट्याची भाजी आणि चवळीच्या लांब शेंगा. चिकन आणि अंडं नको म्हणून आधीच सांगायचं.

सोलकढी

साखरभाताला जाऊ द्या, गाडीवरचं हेरिंग खाल्लं का कोणी? साफ करून हलकं मुरवलेलं, पण चुलीवर न चढलेलं. वर कांदा आणि काकडीचं लोणचं. आमच्या तारलीच्या नात्यातला मासा, पण कच्चा म्हटल्यावर घरचे दहा पावलं लांब उभे राहिले. जूनमध्ये नवीन हंगामाचं येतं तेव्हा खावं, तुपासारखं विरघळतं. या विषयात सायकल कुठे बसते ठाऊक नाही, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

प्राजक्त

डचजावईंशी अर्धी सहमत. आई-बाबांना घेऊन सायकलचा विचारही केला नाही. ट्राममध्ये चढताना बँकेचं कार्ड टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं, झालं. पण घाटावरचा, 'संग्रहालयांच्या रांगा विसरा' हे पटलं नाही. वेळ ठरवून तिकीट आधी काढलं तर रांग कसली? व्हॅन गॉख संग्रहालयाचं ऑनलाइनच काढावं लागतं. अ‍ॅन फ्रँकच्या घराचं तर दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुलं होतं, दारात जाऊन काहीही मिळत नाही. ती लपून राहिली ती पुस्तकांच्या कपाटामागची जागा बघून बाबा बराच वेळ बोलले नाहीत. सायकलवरून ते घर म्हणजे आणखी एक दरवाजा.

घाटावरचा

अ‍ॅन फ्रँकपुरतं मान्य. बाकी राहू द्या. डचजावई, तुमचा सगळा युक्तिवाद मध्यवस्तीपुरता आहे. मध्यवस्तीत फिरा असं मी म्हटलंच कुठे?

डचजावई

'स्टेशनातून बाहेर पडल्यावर सायकल घ्या आणि राइक्सम्युझियम गाठा' म्हणजे वाट मध्यवस्तीतूनच जाते हो! स्टेशनाच्या पुढच्या दाराने निघालात तर ट्राम, टॅक्सी, पर्यटक असा सगळा गोंधळ समोर. मागच्या दाराने निघा. तिथून 'आय' नावाचं पाणी ओलांडणारी फेरीबोट फुकट आहे, सायकलसकट. पलीकडे नोर्ड, म्हणजे शहराचा उत्तर भाग. तिथून बांधावरच्या रस्त्याने डुर्खरडॅम गाव गाठा, अंतर सात-आठ किलोमीटर. डावीकडे गाईंची कुरणं, उजवीकडे पाणी, बांधाला चिकटून लाकडी घरांची एक ओळ. पुढे रान्सडॉर्प, होलिस्लोट ही गावं. चढ औषधालाही नाही. फक्त समोरून वारा लागला की वाहत्या नाकाने पॅडल मारायचं. शनिवारची सकाळ तिकडे, दुपारी सायकल परत द्या आणि कालवे पायी बघा. माझ्या पाहुण्यांना मी एवढीच परवानगी देतो.

घाटावरचा

परवानगी! पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट सायकलने गेलेल्या माणसाला तुमचा लाल पट्टा म्हणजे विश्रांती आहे.

डचजावई

हेच तर. पुण्यात सगळेच अंदाजाने चालवतात, त्यामुळे सगळे सांभाळतात. इथे समोरचा नियम धरून वेगात येतो आणि तुम्हीही धराल असं गृहीत धरतो. पुण्याचा सराव इथे आडच येतो. आणि हे पट्टे काही इथे जन्मापासून नव्हते. १९७१ साली या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेवर मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद झाल्या, मग कुठे सरकार हललं.

प्राजक्त

डुर्खरडॅमचं ऐकून मोह होतोय. बाबा तयार होतील, आईला सायकल येत नाही. डबलसीट चालतं का तिकडे?

डचजावई

चालतं, सर्रास. फक्त भाड्याच्या सायकलीला दणकट कॅरिअर आहे का ते आधी विचारा. आणि चालवणारे बाबा असतील तर वाऱ्याचा अंदाज बघून निघा.