प्रतिसाद: जोतं उंच घेतलं तरी पाणी खालून येतं
'जोतं पूररेषेच्या वर घेतलं की नदीकाठच्या सभागृहाला पुराची भीती नाही' हे वरचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. काठ ओलांडण्याआधी पाणी पाइपांतून उलटं येतं. नदीची पातळी पावसाळी गटाराच्या तोंडावर गेली की तळघरातल्या जाळ्यांमधून बुडबुडे येऊ लागतात. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) हवा, आणि पावसाळ्यापूर्वी तो उघडून साफ करायलाच हवा. साधी प्लास्टिकची पिशवी अडकली तरी झडप नीट बसत नाही. झडप बंद झाली की आतलं पाणीही तुंबतं, त्यामुळे उपसा पंप लागतोच. पंपाचा विजेचा पॅनेल मात्र तळघरात नको, वरच्या मजल्यावर घ्या.

जमिनीखालच्या टाकीबद्दल इथे कुणीच लिहिलेलं नाही. पूर येणार म्हणून ती रिकामी करू नका! भूजल टाकीच्या तळापासून ३ मीटर चढलं तर तळाला दर चौरस मीटरमागे ३ टन उचल बसते. ३० सेंमी जाड काँक्रीटच्या तळाचं वजन तेवढ्या जागेत जेमतेम पाऊण टन. भिंती आणि वरची माती पुरेशी जड नसेल तर रिकामी टाकी वर उचलली जाते, जोडलेले पाइप तुटतात.