लाळ उन्हाची नव्हे, दाढेची

सशाची लाळ का गळते, या प्रश्नावर कुणीतरी 'सोलापूरच्या उन्हाने लाळ गळते, थंड पाणी पाजा' असं लिहिलंय, ते पटत नाही. आमच्या सशाची हनुवटी भर डिसेंबरात ओली असायची, तोंड पुसून पुसून पुढच्या पायांचे केस आतून चिकटले होते. पुढचे दात सरळ दिसले म्हणून आम्ही आठवडा घालवला, त्याची आजही हळहळ वाटते. डॉक्टरांनी कान तपासायच्या दुर्बिणीने पाहिलं, तर खालच्या दाढेचं टोक जिभेत रुतलेलं! सशाचे दात जन्मभर वाढतात; अशी दाढ भूल देऊनच घासून कमी करावी लागते.

आणि हे कुणी लिहिलं नाही: भूल द्यायच्या आधी त्याला उपाशी ठेवू नका. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे त्या भीतीने पोट रिकामं ठेवायची गरज नसते; पण खाणं थांबलं की आतडी मंदावतात. 12 तास काही खाल्लं नाही तर थेट दवाखाना गाठा.